जामीन राहण्यापूर्वी

घराची दुरुस्ती, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, आजारपण, वाहनखरेदी अशा अनेक कारणांसाठी सामान्य माणसाला कर्ज काढावे लागते. बँका व सहकारी पतसंस्था असे कर्ज देताना बहुधा एक किंवा दोन जामीनदार मागतात आणि ते शक्यतो कायम नोकरीतील असावेत, अशी अपेक्षा ठेवतात. त्यामुळे गावातील शिक्षक, तलाठी, पंचायत सचिव, वीज खात्याचा लाइनमन, आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा कारखान्यातील कायम कामगार यांच्या दारी कोणी ना कोणी कागद घेऊन येतच असते. येणारा माणूस परका नसतो. तो भावकीतला, वाड्यावरचा, नाहीतर शेजारच्या टेबलावर काम करणारा असतो. "पैसे मीच फेडणार आहे, तुमची फक्त सही पाहिजे," एवढेच त्याचे मागणे असते.

ही सही साक्षीदाराची सही नव्हे, हे येथे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. साक्षीदार एखादी गोष्ट आपल्यासमक्ष घडली एवढेच सांगतो. जामीनदार मात्र दुसऱ्याचे देणे आपल्या अंगावर घेतो. जामीन राहणे म्हणजे, हातात एक रुपयाही न घेता, दुसऱ्याने हप्ते थकवताच आपल्यावर लागू होणारे कर्ज काढणे होय. जामीनकीचा विचार याच दृष्टीने व्हावा, यासाठी तिचा कायदा, तिचा हिशेब आणि तिच्यातील संरक्षणे यांची माहिती पुढे दिली आहे.

कायद्याची भूमिका

जामीनकीचा कायदा भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये आढळतो. या अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे जामीनकीच्या करारात तीन पक्ष असतात : कर्ज देणारा धनको, कर्ज घेणारा मुख्य ऋणको आणि ऋणकोने देणे न फेडल्यास ते फेडण्याचे वचन देणारा जामीनदार. कलम १२८ त्याहूनही महत्त्वाचे आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोच्या जबाबदारीइतकीच व्यापक असते, असे ते कलम सांगते. म्हणजे मुद्दल, व्याज आणि करारानुसार होणारा खर्च यांपैकी जे जे कर्जदाराकडून येणे निघते, ते ते जामीनदाराकडूनही येणे निघते.

"संस्थेने आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी, तीतून भागले नाही तरच आमच्याकडे यावे," असा समज समाजात सर्वत्र आढळतो. हा समज न्याय्य वाटला तरी कायद्याला धरून नाही. 'बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद' या, विधिवृत्तांतून १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला आहे. कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपेपर्यंत धनकोला थांबण्यास सांगितले, तर जामीन घेण्याचा हेतूच विफल होतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. त्यामुळे संस्था कर्जदाराबरोबरच किंवा कर्जदाराआधीही जामीनदाराकडे वळू शकते. पगारदार जामीनदाराचा पत्ता, नोकरी व पगार निश्चित असल्याने व्यवहारात वसुलीची पहिली नजर त्याच्याकडेच जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी तक्रार मग ऐकू येते. पण कायद्याच्या दृष्टीने येथे संन्यासी कोणीच नसतो. दोघेही ऋणकोच असतात.

गोव्यापुरती एक गोष्ट नमूद करणे उचित ठरेल. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत, आधी ऋणकोच्या मालमत्तेतून वसुली करावी, असा आग्रह धरण्याची सवलत जामीनदाराला होती. कौटुंबिक बाबतींत त्या संहितेतील काही तरतुदी आजही येथे लागू आहेत. परंतु करारांच्या बाबतीत मुक्तीनंतर भारतीय करार अधिनियम लागू झाला. सबब त्या जुन्या सवलतीवर विसंबून राहता येणार नाही.

रक्कम कशी वाढते

कर्जदाराने पहिली काही वर्षे हप्ते भरले की आपली जबाबदारी जवळजवळ संपली, असे जामीनदारास वाटू लागते. यासाठी एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका सहकाऱ्याने ३,००,००० रुपयांचे कर्ज द. सा. द. शे. १२ दराने, शिल्लक मुद्दलावर व्याज या पद्धतीने, पाच वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ६,६७३ रुपये होतो. त्याने एक वर्षभर म्हणजे १२ हप्ते वेळेवर भरले. या वर्षात त्याने ८०,००० रुपयांहून अधिक रक्कम भरली. परंतु त्यातील मोठा भाग व्याजात गेल्याने मुद्दल सुमारे २,५३,४०० रुपये शिल्लक राहिले.

यानंतर त्याने हप्ते भरणे बंद केले आणि दोन वर्षे कोणी विचारपूस केली नाही. केवळ सरळ व्याज धरले तरी या दोन वर्षांत सुमारे ६०,८०० रुपये व्याज चढते आणि येणे ३,१४,२०० रुपयांवर जाते. म्हणजे वर्षभर नियमित फेड झालेले कर्ज, दोन वर्षांच्या दुर्लक्षामुळे मूळ रकमेपेक्षाही मोठे झाले. यात थकबाकीबद्दलचा दंड, नोटिशीचा खर्च व दाव्याचा खर्च धरलेला नाही. बँका व वित्तीय कंपन्या यांनी थकीत हप्त्यावर दंडव्याज न लावता केवळ माफक दंडशुल्क आकारावे आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवू नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०२३ साली दिला. परंतु सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत. त्यांच्या बाबतीत सहकार कायदा, संस्थेचे उपविधी आणि करारपत्र यांतील अटीच पाहाव्या लागतात.

या हिशेबाचा बोध असा की, जामीनदाराचे खरे नुकसान थकबाकीने जितके होते, त्याहून अधिक थकबाकी उशिरा कळण्याने होते. दुसऱ्याच महिन्यात कळले असते, तर प्रश्न दोन हप्त्यांचा, म्हणजे १३,००० रुपयांच्या आसपासचा होता. दोन वर्षांनी कळल्यामुळे तो तीन लाखांचा झाला.

प्रामाणिक कर्जदारही थकतो

"माणूस ओळखीचा आहे, बुडवणारा नाही," हा जामीन राहण्यामागील नेहमीचा विचार असतो. कर्ज थकण्यासाठी कर्जदार अप्रामाणिकच असावा लागतो, असे मात्र नाही. गोव्याच्या खाणपट्ट्याने याचा अनुभव घेतला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. एप्रिल २०१४ मध्ये ती बंदी उठली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्याच वर्षी मार्चच्या मध्यास काम पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत अनेकांनी खनिज वाहतुकीच्या भरवशावर कर्ज काढून ट्रक घेतले होते. कष्टाळू, व्यवहारी आणि तोपर्यंत एकही हप्ता न चुकवलेल्या माणसांचे उत्पन्न एका आदेशासरशी थांबले. ट्रक दारात उभे राहिले. व्याज मात्र उभे राहिले नाही.

जामीन राहताना कर्जदाराचा स्वभाव पाहणे आवश्यक आहेच. परंतु त्याचे उत्पन्न कशावर अवलंबून आहे आणि ते थांबल्यास फेड कशातून होईल, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. पर्यटनाचा हंगाम, कंत्राटी नोकरी, परदेशातील किंवा जहाजावरील नोकरी, एकाच ग्राहकावर चालणारा धंदा अशा ठिकाणी उत्पन्न चांगले असले तरी ते अचानक थांबण्याचा संभव अधिक असतो. आजारपण व अपघात तर कोणालाच चुकलेले नाहीत.

दोन जामीनदार म्हणजे निम्मी जबाबदारी नव्हे

कर्जाला आणखी एक जामीनदार आहे म्हणजे आपल्यावर निम्माच भार येईल, हा दुसरा गैरसमज होय. बहुतेक हमीपत्रांत सर्व जामीनदार 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या' जबाबदार राहतील, असे लिहिलेले असते. या शब्दांचा अर्थ असा की, संस्था संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकते. अधिनियमाच्या कलम १४६ नुसार सहजामीनदारांनी आपापसांत भार समान वाटून घ्यावयाचा असतो, हे खरे; परंतु ती वाटणी जामीनदारांमधील आहे, संस्थेवर ती बंधनकारक नाही. ज्याने ३,००,००० रुपये एकट्याने भरले, त्याला दुसऱ्या जामीनदाराकडून १,५०,००० रुपये मागता येतात. ते त्याने खुशीने न दिल्यास त्याच्याविरुद्ध वेगळा दावा करावा लागतो. म्हणून सहजामीनदार कोण आहे, त्याचे उत्पन्न काय आहे आणि तो आधीच कितीजणांना जामीन आहे, याची चौकशी सही करण्यापूर्वी करावी.

पगार व मालमत्ता यांवरील जप्ती

न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यावर त्याच्या अंमलबजावणीत पगार किती जप्त होऊ शकतो, याविषयी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये मर्यादा घातलेली आहे. पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. सूट मिळालेले भत्ते वजा जाता पगार ३१,००० रुपये असेल, तर पहिले १,००० रुपये बाजूला ठेवावयाचे. उरलेल्या ३०,००० पैकी २०,००० रुपये सुरक्षित राहतात आणि दरमहा १०,००० रुपये जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिने झाल्यावर, त्या हुकूमनाम्यापुरता पगार पुढे जप्तीतून मुक्त होतो. तोपर्यंत वरील उदाहरणात २,४०,००० रुपये गेलेले असतात.

याच कलमाने काही मालमत्तांना संरक्षण दिले आहे. नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व त्याचे राहते घर, शासकीय निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधीतील सक्तीची वर्गणी यांचा त्यात समावेश होतो. मात्र घर किंवा जमीन स्वतःच तारण म्हणून लिहून दिली असल्यास परिस्थिती बदलते. तारण दिलेली मिळकत धनकोला त्या तारणाच्या आधारे विकता येते.

पगारदारांच्या सहकारी पतसंस्थांत हुकूमनाम्यापर्यंत जाण्याची वेळ बहुधा येतच नाही. कर्ज घेताना किंवा जामीन राहताना, 'माझ्या पगारातून संस्थेचे येणे कापून घ्यावे,' असे संमतिपत्र लिहून घेण्यात येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये अशा संमतीप्रमाणे पगारातून कपात करण्याची तरतूद आहे. गोव्यात पूर्वी तोच अधिनियम लागू होता; त्याची जागा पुढे गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ ने घेतली. सहकार कायद्याखालील वसुलीची पद्धत दिवाणी न्यायालयाच्या पद्धतीहून वेगळी व अधिक जलद असते. कागदांच्या गठ्ठ्यात असे संमतिपत्र आहे काय, हे सही करताना अवश्य पाहावे.

सही करण्यापूर्वी

पहिली कसोटी अगदी साधी आहे. या कर्जाचा हप्ता उद्यापासून आपल्यालाच भरावा लागला, तर आपले घर चालेल काय? उदाहरणार्थ, एका शिक्षकाच्या हाती दरमहा ४५,००० रुपये येतात आणि त्याच्या स्वतःच्या गृहकर्जाचा हप्ता १५,००० रुपये आहे. वर दिलेल्या कर्जासारख्या दोन कर्जांना तो जामीन आहे. दोन्ही कर्जदार एकाच वेळी थकले, तर दोन हप्त्यांचे १३,३४६ रुपये अधिक होतात आणि घरखर्चासाठी १६,६५४ रुपये उरतात. एवढ्यात भागणार असेल तरच ती दुसरी सही करावी.

दुसरे असे की, कोरा कागद, कोरी वचनचिठ्ठी, कोरा धनादेश किंवा रकमेची जागा मोकळी सोडलेले हमीपत्र यांवर कोणत्याही कारणाने सही करू नये. कर्जाची रक्कम, व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या आणि अखेरची तारीख या चार गोष्टी कागदावर भरलेल्या असल्या पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तीय कंपन्या यांनी वैयक्तिक मुदतकर्जांच्या बाबतीत कर्जाची मुख्य माहिती देणारे पत्रक कर्जदारास समजणाऱ्या भाषेत द्यावयाचे आहे. जामीनदाराने कर्जदाराकडून त्याची प्रत मागून घ्यावी. स्वतः सही केलेल्या हमीपत्राची प्रत संस्थेकडून घेऊन घरी जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट म्हणजे कर्जाचा प्रकार. ठरावीक रकमेचे मुदतकर्ज हप्त्यांबरोबर कमी होत जाते. व्यापाऱ्यास दिलेली रोखपत म्हणजे कॅश क्रेडिट मात्र वर्षानुवर्षे चालू राहते; त्यात पैसे भरले व काढले जातात. अशा खात्यासाठी दिलेली हमी कलम १२९ प्रमाणे 'चालू हमी' ठरते. कलम १३० प्रमाणे भावी व्यवहारांपुरती ती धनकोस नोटीस देऊन मागे घेता येते. तोपर्यंत झालेल्या व्यवहारांची जबाबदारी मात्र राहते. व्यापारी खात्यास जामीन राहणाऱ्याने हमीची कमाल रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून घेणे हिताचे असते.

चौथी गोष्ट घरातली आहे. हमीपत्रावर बहुधा एकाचीच सही असते आणि घरच्या माणसांना तिचा पत्ता नसतो. जामीनदाराच्या मृत्यूने आधीच निर्माण झालेले देणे संपत नाही. वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत ते त्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. अशा वेळी विधवेला किंवा मुलांना पहिली बातमी नोटिशीतूनच कळावी, ही गोष्ट दुःखावर डागणी देणारी असते. पती-पत्नींनी एकमेकांस विचारूनच जामीन राहावे. कोणाला, किती रकमेसाठी, कोणत्या संस्थेत व केव्हापर्यंत जामीन आहोत, याची एका वहीत नोंद करावी आणि ती वही कोठे आहे हे घरात सांगून ठेवावे.

सही केल्यानंतर

जामीनदाराचे काम सहीपाशी संपत नाही. तेथून ते सुरू होते. दर तीन महिन्यांनी कर्जदाराकडून खातेउतारा पाहावयास मागावा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्याने आपल्या पगारावर दुसऱ्याचे कर्ज टांगून घेतले आहे, त्याला तेवढे विचारण्याचा नैतिक अधिकार निश्चितच आहे. हप्ता थकल्यास आपणास लेखी कळवावे, असे पत्र संस्थेस सुरुवातीलाच द्यावे व त्याची पोच घ्यावी.

आणखी एक साधन आज उपलब्ध आहे. पतविषयक माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार काम करणाऱ्या कंपन्यांकडे बँका कर्जखात्यांची माहिती पाठवितात. लोक सामान्यतः ज्याला 'सिबिल' म्हणतात ती अशा चार कंपन्यांपैकी एक होय. ज्या कर्जांना आपण जामीन आहोत, त्यांची नोंदही आपल्या पत-अहवालात येते. ते कर्ज थकले तर आपली पत खालावते आणि पुढे स्वतःच्या घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी अर्ज केल्यावर अडचण उभी राहते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची सोय रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. तिचा लाभ घ्यावा. सर्वच पतसंस्थांची माहिती या अहवालात येत नसल्याने तेथे प्रत्यक्ष चौकशीच करावी लागते.

कर्ज पूर्ण फिटल्यावर कर्जदारास बेबाकी दाखला मिळतो. जामीनदारानेही त्याची प्रत घ्यावी आणि आपण दिलेली वचनचिठ्ठी, धनादेश किंवा अन्य कागद परत मागून घ्यावेत.

नोटीस आल्यास

थकबाकीची नोटीस आली की ती फाडून टाकणे किंवा टपाल न स्वीकारणे, हा सर्वांत घातक मार्ग होय. नोटीस मिळताच खात्याचा संपूर्ण उतारा लेखी मागावा, आकारणी करारानुसार आहे काय हे तपासावे आणि कर्जदार व सहजामीनदार यांना एकत्र बसवावे. थकलेले दोन-चार हप्ते तिघांनी मिळून भरून खाते पूर्ववत चालू करणे, हे पुष्कळदा सर्वांत स्वस्त पडते. दावा दाखल झाल्यास ठरलेल्या तारखेस हजर राहावे. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो आणि मग बोलण्याजोगे फारसे उरत नाही. जुन्या बाकीची कबुली देणारा कागद पुढे आल्यास तो समजून घेतल्याखेरीज सही करू नये. कारण मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १८ नुसार मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीपासून दाव्याची मुदत नव्याने सुरू होते.

करार अधिनियमाने जामीनदारास काही संरक्षणेही दिली आहेत. जामीनदाराच्या संमतीवाचून संस्था व कर्जदार यांनी कराराच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो. संस्थेने आपल्याकडील तारण गमावले किंवा जामीनदारास न विचारता सोडून दिले, तर कलम १४१ नुसार त्या तारणाच्या किमतीइतकी त्याची जबाबदारी कमी होते. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून किंवा खोटी माहिती देऊन संस्थेने हमी मिळविली असल्यास ती कलम १४२ व १४३ नुसार अवैध ठरते. परंतु संस्थेने केवळ काही काळ दावा केला नाही, एवढ्यावरून जामीनदार सुटत नाही, असे कलम १३७ सांगते. शिवाय अनेक छापील हमीपत्रांत ही संरक्षणे सोडून दिल्याचा मजकूर असतो. हमीपत्राची प्रत घरी असावी, असे वर म्हटले त्याचे हेही एक कारण आहे.

पैसे भरण्याची वेळ आलीच, तर प्रत्येक रकमेची पावती 'जामीनदार या नात्याने भरणा' अशा उल्लेखासह आपल्या नावे घ्यावी. कलम १४० प्रमाणे, देणे फेडणाऱ्या जामीनदारास कर्जदाराविरुद्ध धनकोचे सर्व अधिकार प्राप्त होतात. कलम १४५ प्रमाणे, योग्य रीतीने भरलेली रक्कम त्याला कर्जदाराकडून वसूल करता येते. संस्थेकडे तारण असल्यास त्याचा लाभही त्यालाच मिळतो. पावती दुसऱ्याच्या नावे घेतली, तर हे सारे अधिकार शाबीत करणे कठीण जाते.

बँकेविरुद्ध तक्रार असल्यास ती प्रथम बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. सहकारी पतसंस्थेविषयीची तक्रार सहकार निबंधकांकडे करावयाची असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अल्प उत्पन्न गटातील लोक यांना मोफत कायदेविषयक मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. थकीत कर्जाची अनेक प्रकरणे लोकअदालतीत हप्ते ठरवून मिटविली जातात.

नकाराचा प्रश्न

एवढे सर्व समजूनही माणूस सही करतो; कारण नाही म्हणणे त्याला जड जाते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात, ते या व्यवहारास तंतोतंत लागू पडते. अर्थात कोणीच कोणाला जामीन राहू नये, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. एकमेकांच्या हमीवरच खेड्यापाड्यांतील सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि सावकाराच्या दारातून अनेक कुटुंबे सुटली. हमी ही चांगली गोष्ट आहे. ती डोळे झाकून दिलेली नसावी, एवढेच.

नकार देताना कारणे शोधण्याची गरज नाही. "माझ्या पगारावर आधीच इतक्या हप्त्यांचा भार आहे, यापुढे मला झेपणार नाही," हे खरे उत्तर पुरेसे आहे. खरोखर मदत करावीशी वाटत असेल, तर तीन लाखांच्या हमीऐवजी आपल्याला सोसेल अशी दहा-वीस हजारांची रक्कम हातउसनी द्यावी. ती बुडाली तरी नुकसानीला सीमा असते. कर्जाची रक्कम कमी करणे, सोने किंवा मुदतठेव तारण देणे, कर्जाला जोडून आयुर्विमा घेणे, असे मार्गही कर्जदारास सुचवावेत. विमा असल्यास कर्जदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबावर व जामीनदारावर येणारा भार हलका होऊ शकतो.

या कामी कार्यालयांना व संस्थांनाही वाटा उचलता येईल. जामीनकीसाठी पगारदाखला देताना त्या कर्मचाऱ्याच्या पगारातून आधीच किती कपाती होतात, याची नोंद दाखल्यावर स्पष्ट असावी. पतसंस्थांनी पहिला हप्ता चुकताच कर्जदाराबरोबर जामीनदारासही पत्र पाठविण्याचा प्रघात ठेवावा. त्यात संस्थेचेही हित आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून शिल्लक मुद्दलावरील व्याजाचा एखादा तरी हिशेब घरच्या कर्जाच्या उदाहरणाने करून घ्यावा. पुस्तकातील चक्रवाढ व्याज आणि घरात येणारी नोटीस यांचा संबंध त्यांना त्यातून कळेल.

आपल्या नावाला पत आहे म्हणूनच आपली सही मागितली जाते. ती पत वर्षानुवर्षांच्या नियमित नोकरीतून व काटकसरीतून मिळविलेली असते. पगाराच्या पैशाचा आपण जसा हिशेब ठेवतो, तसाच आपल्या सहीचाही ठेवावा. जी रक्कम स्वतः भरण्याची तयारी आहे, तेवढ्याचीच हमी द्यावी आणि ती दिल्यावर कर्ज फिटेपर्यंत त्या खात्यावर लक्ष ठेवावे. असे केल्यास शेजारधर्म राहील आणि स्वतःचे घरही सुरक्षित राहील.